डिमेन्शिया असलेल्या आईसाठी जागा निवडताना : संकुलातलं 'असिस्टेड लिव्हिंग' की फक्त डिमेन्शियाचं केंद्र? (पुणे)

पर्वतीपायथा

आईचं वय ७९. अल्झायमर्स आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असा मिश्र डिमेन्शिया, न्यूरॉलॉजिस्टच्या मते मध्यम टप्पा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, इन्शुलिन नाही. डोनेपेझिल (डिमेन्शियाची गोळी) चालू आहे. स्वतः चालते, समोर ताट ठेवलं तर हाताने जेवते. अंघोळ, कपडे आणि संडासला माणूस लागतं. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर 'मला घरी जायचंय' सुरू होतं (आहे ती घरीच) आणि रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी काढते. ब्यूरोकडून दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बायका आहेत, पण टिकत नाहीत. नवी आली की आठवडाभर अंघोळीवरून भांडण.

यादी दोन जागांवर आली आहे.

अ : ज्येष्ठांचं मोठं संकुल, त्यात एका मजल्यावर 'असिस्टेड लिव्हिंग' (रोजच्या कामांत मदतीसह राहणं). बाग, ग्रंथालय, देऊळ, स्वतंत्र खोली. डिमेन्शियाचे लोकही घेतो म्हणतात.

ब : गावाबाहेर, फक्त डिमेन्शियासाठी, २४ खाटा, दोघींत एक खोली. इमारत साधी, बाहेरून बघितलं तर शाळा वाटेल.

नातेवाइकांची पसंती अर्थातच 'अ'ला. मला ठरवता येत नाहीये, कारण कुठलाही प्रश्न विचारला तरी दोन्हीकडे 'हो, आहे ना आमच्याकडे' हेच उत्तर. नेमकं काय विचारायचं आणि काय बघायचं? या क्षेत्रातल्या लोकांनी सांगावं.

रात्रपाळी

'आहे का?' विचारलं की 'आहे'च म्हणणार. 'काल रात्री किती जण ड्यूटीवर होते, नावं दाखवा' असं विचारा. ड्यूटीचा तक्ता प्रत्येक ठिकाणी असतो. मागच्या महिन्याचा बघायला मागा. चालू आठवड्याचा तर कुणीही छान लिहून ठेवतं.

आता अ की ब. परावलंबन मोजताना सहा गोष्टी धरतात : अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. साधारण याच क्रमाने त्या हातातून सुटतात. तुमच्या आईंच्या पहिल्या तीन सुटल्या आहेत. म्हणजे पुढे खाटेवरून उठवायला माणूस, मग डायपर, मग भरवणं. 'अ'वाल्यांना या तिन्ही अवस्थांबद्दल वेगवेगळं विचारा आणि कराराचा मसुदा घरी आणून वाचा. असिस्टेड लिव्हिंगच्या करारांत 'रहिवासी हिंडता-फिरता असावा', 'इतरांना त्रास होईल असं वर्तन नसावं' अशी वाक्यं बऱ्याचदा असतात. तुमच्या बाबतीत त्या वाक्याचा अर्थ एवढाच, की वर्ष-दीड वर्षाने पुन्हा जागा शोधा. डिमेन्शियाच्या माणसाला जागा बदलणं फार जड जातं आणि आजार पुढे गेल्यावर आणखी जड. तेव्हा आजच्या आईसाठी जागा बघू नका, डायपर लागलेल्या आणि रात्रभर जागणाऱ्या आईसाठी बघा. बाग आणि ग्रंथालय नातेवाइकांसाठी असतं.

म्हणून 'ब' आपोआप चांगलं ठरत नाही. तिथला हिशेब मांडून बघा. २४ पैकी दहा जण डायपरवर किंवा खिळलेले धरू. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. डायपर बघणं, पुसणं, कूस बदलणं, खाली पॅड सरळ करणं याला नीट केलं तर माणशी दहा मिनिटं, आणि त्याला दोघं लागतात. दहा माणसं म्हणजे शंभर मिनिटं, दर १२० मिनिटांतली. रात्री दोनच मावश्या असतील तर त्या सतत कुठल्यातरी खोलीत असणार आणि तुमची आई कडी काढायला उठली तर कॉरिडॉरमध्ये कुणीही नसणार. किंवा मग कूस बदलली जात नसणार. किंवा आईला झोपेचं औषध दिलं जाणार. चौथी शक्यता नाही. २४ खाटांना रात्री तीन माणसं आणि एक नर्स जागी असेल तर पुढे बोला. 'जागी' हा शब्द मुद्दाम. 'आमच्या सिस्टर इथेच राहतात' म्हणजे त्या झोपलेल्या असतात.

पहिली भेट वेळ ठरवून घ्या. दुसरी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, न सांगता. डिमेन्शियाच्या केंद्राची परीक्षा त्याच वेळी असते, कारण 'घरी जायचंय' तिथे दहा जणांचं एकदम सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच पाळी बदलायची घाई असते. पाळी सात वाजता बदलत असेल तर जाणारी बाई येणारीला तोंडी काय सांगते ते ऐका. 'सगळं ठीक' एवढंच सांगत असेल तर कोण जेवलं नाही, कुणाला शौचाला झाली नाही, हे रात्रीच्या बाईला कळतच नाही.

औषधांबद्दल तीन गोष्टी.

एक, तुमच्या आईची ग्लिमेपिराइड. ही गोळी देऊन माणूस जेवला नाही तर साखर धोकादायक खाली जाते. डिमेन्शियात 'नको' म्हणून तोंड फिरवणं रोजचं. साखर उतरली की घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणं सुरू होतं आणि नवख्या माणसाला ते डिमेन्शियाच वाटतं. विचारा : सकाळी नाश्ता नाकारला तर गोळीचं काय करता? 'आधी खाल्लं ते बघतो, मग देतो, शंका आली तर ग्लुकोमीटर लावतो' हे उत्तर हवं. जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना हेही विचारा की या वयात साखर इतकी काटेकोर ठेवायची गरज आहे का आणि गोळी बदलता येईल का.

दोन, औषधाची नोंदवही. दिलेल्या प्रत्येक गोळीसमोर वेळ आणि सही. संध्याकाळची सही दुपारीच झालेली दिसली तर उठा तिथून. पुढेमागे रिव्हास्टिग्मिनचा पॅच (डिमेन्शियाच्या औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी) सुरू झाला तर जुना काढून मगच नवा, रोज वेगळ्या जागी. जुना पाठीवर तसाच राहून दुसरा चिकटवला गेला की दुप्पट औषध जातं : उलट्या, नाडी मंद, चक्कर येऊन पडणं. पॅचवर तारीख लिहायची पद्धत असलेलं केंद्र औषधाच्या बाबतीत जागं आहे असं समजा. आणि सगळ्यांच्या गोळ्या खलबत्त्यात कुटून वरणात घालत असतील तर ते बंद करायला सांगा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

तीन, अचानक बिघडली तर. कालपर्यंत शांत असलेलं माणूस आज ओरडायला लागलं तर बहुतेक वेळा कारण शरीरात असतं : लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणं, कुठेतरी दुखणं, साखर. केंद्राला विचारा, 'अशा वेळी पहिल्या तासात काय करता?' ताप, साखर, लघवी, शेवटची शौच कधी, ही उत्तरं आली तर चांगलं. 'डॉक्टरांना फोन करून इंजेक्शन देतो' आलं तर ओळखा. शांत करायला जी औषधं (अँटिसायकोटिक) वापरतात ती वयस्कर डिमेन्शिया रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवतात. २००५ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने तशी सूचना काढली होती. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉल (त्यांतलंच एक औषध) तर फारच घातक ठरू शकतं. कधी ती लागतातही, पण कमीत कमी मात्रा, घरच्यांना सांगून, आणि बंद कधी करायची याची तारीख ठरवून.

खडीसाखर

रात्रपाळींनी भीती घातलीच आहे, मी जागेबद्दल लिहिते.

फूटपट्टी नको, डोळे पुरेत. खाटेवर बसून बघा : तिथून संडासाचं दार दिसतं का? दिसत असेल तर कपड्यांतच होण्याचे बरेच प्रसंग टळतात, कारण 'कुठे जायचं' हे आठवावं लागत नाही. 'अ'च्या स्वतंत्र खोलीत संडास कपाटासारख्याच लॅमिनेटच्या दारामागे लपवलेला असतो, दिसायला फार सुंदर. आईला ते कपाटच वाटणार. पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी सीट असेल तर सीट कुठे आहे हे कळत नाही आणि माणूस अंदाजाने बसतं. गडद रंगाची सीट बसवून देता का, विचारा. स्वस्तातला बदल आहे, 'नाही' म्हणणाऱ्यांचा स्वभाव कळतो.

चकचकीत ग्रॅनाइट ओलं वाटतं, म्हणून पाय अडखळतो. दाराशी काळं पायपुसणं असेल तर काहींना तो खड्डा वाटतो आणि ते ओलांडतच नाहीत. न्हाणीघरात बादली-मगाने अंघोळ असेल तर फरशी दिवसभर ओली राहणारच. तेव्हा अंघोळीचा भाग आणि कमोडचा भाग वेगळा हवा, बसून अंघोळीला आधाराची खुर्ची हवी, आणि आडवा बार भिंतीत ठोकलेला हवा. टॉवेल टांगायच्या दांडीला बार म्हणतात काही ठिकाणी. धरून जोराने ओढून बघा.

हिंडायला जागा : लांबलचक कॉरिडॉर आणि शेवटी बंद दार, ही वाईट रचना. त्या दाराशी सगळे जमतात, धडका देतात. गोल फिरून परत पहिल्या जागी येणारी वाट किंवा आतलं अंगण असेल तर चालणारी माणसं चालत राहतात, अडत नाहीत. 'ब' शाळेसारखं दिसतं म्हणालात, मधे चौक असेल तर हे त्याचं मोठं बलस्थान आहे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावतात का, हेही बघा. अंधुक उजेडात सावल्या लांबतात आणि घालमेल वाढते. वीज वाचवायला सात वाजेपर्यंत थांबणारे आहेत.

जेवणाच्या वेळी थांबा. दहीभात पांढऱ्या मेलामाइनच्या ताटात वाढला तर नजर कमी झालेल्या माणसाला ताट रिकामंच दिसतं. मग 'आजी जेवत नाहीत' अशी नोंद होते. ताट गडद रंगाचं, एका वेळी एक-दोनच पदार्थ, वाट्यांची गर्दी नको. गिळताना खोकला येणाऱ्यांना पातळ चहा-पाणी घट्ट करून देतात का? मऊ भात, मेतकूट, नाचणीची आंबील हे जमतं का, की पोळी दुधात कुस्करून संपलं? भरवणारी बाई समोर बसून भरवते की उभी राहून? उभी असेल तर आजींची मान वर जाते आणि घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. जेवणानंतर निदान अर्धा तास बसवून ठेवतात का? वजन दर महिन्याला करतात का, वही दाखवा म्हणावं. महिन्याला ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर काहीतरी चुकतंय. ५० किलोच्या बाईचे महिन्यात अडीच किलो गेले तर घरच्यांना फोन यायला हवा.

सकाळी अकरा वाजता काय चाललंय? 'ॲक्टिव्हिटी रूम' असते, कॅरम असतो, आणि सगळे टीव्हीसमोर ओळीने खुर्च्यांत डुलक्या काढत असतात. मला कॅरम नको, कोथिंबीर दाखवा. निवडायला कोथिंबीर, सोलायला मटार, घडी घालायला टॉवेल, वळायला वाती. हाताला आठवतं ते डोक्याला आठवत नाही, तरी हात चालतात आणि दुपार बरी जाते. अर्थात धारदार काही हातात न देता.

भाषा! केअरटेकर मुली बऱ्याच ठिकाणी परराज्यांतून येतात, मायेच्याही असतात, पण आजार वाढला की नंतर शिकलेल्या भाषा आधी गळतात. आई हिंदी विसरली आणि बाईला मराठी येत नाही, तर 'पोटात दुखतंय' कुणाला सांगणार? प्रत्येक पाळीत निदान एक मराठी बोलणारी हवी. आणि हाक कशी मारतात ते ऐका. सरसकट सगळ्यांना 'ए आजी' म्हणत असतील तर ज्या बाईंना आयुष्यभर लोकांनी 'बाई' म्हटलं त्या वळूनही बघणार नाहीत. एका कागदावर लिहून द्या : काय म्हणून हाक मारायची, चहात साखर चालते का, कुठल्या कुशीवर झोपतात, अंघोळ सकाळची की दुपारची, कशाने घाबरतात. एकच पान, कारण दुसरं कुणी वाचत नाही.

पर्वतीपायथा

दोघांचेही आभार. संध्याकाळी न सांगता 'ब'ला गेलो : मधे चौक आहे, रात्री दोन मावश्या आणि एक नर्स, म्हणजे रात्रपाळींच्या हिशेबाने एक माणूस कमी. सध्या १७ जण राहतात. 'अ'च्या मसुद्यात 'स्वतः हिंडता-फिरता' हे वाक्य खरंच सापडलं, शिवाय डिपॉझिट दोन लाख.

आता कागदपत्रांचं. भाऊ न्यू जर्सीला असतो, निम्मा खर्च तो देणार. आईच्या नावावर फ्लॅट, पेन्शन आणि एफडी आहेत. तिचं कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे २०१९ साली केलं होतं, ते चालेल ना?

कागदोपत्री

मुखत्यारपत्रापासून सुरुवात करतो, कारण तिथेच घोटाळा आहे. भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्यारी संपते (कलम २०१). परदेशात अक्षमतेनंतरही चालणारे मुखत्यारपत्र असते, तुमच्या भावाला कदाचित तेच माहीत असेल. आपल्याकडे तशी तरतूद नाही. त्यामुळे त्या कागदावर फ्लॅट विकायला जाऊ नका. मालमत्तेचे व्यवहार करायचेच असतील तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमण्याची याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी असे पालक नेमले आहेत. वेळ आणि खर्च दोन्ही लागतात. रोजच्या खर्चापुरते म्हणाल तर खाते आधीच संयुक्त, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' असे असेल तर अडचण येत नाही. नसेल तर आई सही समजून करू शकते का, हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन मगच बँकेत जा. पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चेहरा ओळखून मोबाइलवरही होतो. केंद्रात नेल्यावर बोटांचे ठसे उमटले नाहीत म्हणून पेन्शन थांबू देऊ नका.

नोंदणी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांचे गंभीर विकार येतात आणि असे रुग्ण जिथे दाखल होऊन राहतात त्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. 'ब'कडे ते प्रमाणपत्र मागा, नुसते ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नोंदणीवर समाधान मानू नका. 'अ' डिमेन्शियाचे रुग्ण घेतो म्हणत असेल तर त्यालाही हाच प्रश्न. महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी दारे, लिफ्ट, रॅम्प यांचे नियम केले, त्याचा उल्लेख माहितीपत्रकात ठळक असतो. ते नियम फ्लॅट बांधून विकण्याबद्दल आहेत, सेवेबद्दल नाहीत.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९७ वाचून जा. एकटे कोंडून ठेवायला बंदीच आहे. हातपाय बांधणे फक्त तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच चालते, माणसे कमी आहेत म्हणून नाही. प्रत्येक वेळी २४ तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवावे लागते. हा प्रतिनिधी आई साध्या कागदावर सही किंवा अंगठ्याने नेमू शकते. अजून समजत असेल तर आत्ताच करून घ्या, नोंद नसेल तर कायद्याने ठरलेल्या क्रमाने नातेवाईक धरले जातात आणि दोन भावंडांत वाद असेल तर तिथे पंचाईत होते.

आग. कुलूपबंद दार ही डिमेन्शिया केंद्राची गरजही आहे आणि सर्वांत मोठा धोकाही. चुंबकीय कुलूप अलार्म वाजताच किंवा वीज जाताच आपोआप सुटायला हवे. साधे कुलूप असेल तर किल्ली प्रत्येक ड्यूटीवरच्या माणसाच्या कमरेला हवी, ऑफिसच्या खणात नको. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. शेवटचे कोणत्या महिन्याचे आहे ते बघा. तीन वर्षांपूर्वीचे अग्निशमन दलाचे 'ना हरकत' फ्रेम करून लावलेले असते, ते पुरेसे नाही.

पैसे. समजा मासिक शुल्क ४५,००० आहे आणि करारात दरवर्षी ८ टक्के वाढ आहे. पाच वाढींनंतर ते सुमारे ६६,१०० होते. त्यावर काय काय वेगळे ते लिहून घ्या : डायपर (दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२०, ४० रुपयांचा धरला तर ४,८००), औषधे, फिजिओ, डॉक्टरांची भेट, हवेची गादी, रुग्णालयात सोबत थांबणारा माणूस. 'केअर लेव्हल' वाढली की दर बदलतो, पण ती लेव्हल कोण ठरवते आणि किती दिवस आधी कळवते हे करारात नसते. ते घालून घ्या. आई रुग्णालयात असेल त्या दिवसांचे पूर्ण शुल्क की निम्मे? डिपॉझिट किती दिवसांत परत, त्यातून रंगरंगोटी कापतात का? मृत्यू झाला तर महिन्याचे उरलेले पैसे परत मिळतात का आणि रात्री मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतात? विचारायला अवघड जाते, पण विचारा.

जीएसटी : प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेचा वृद्धाश्रम असेल, रहिवासी ६० वर्षांवरचे असतील आणि राहणे, जेवण, देखभाल धरून शुल्क महिना २५,००० पर्यंत असेल तर सूट आहे. 'वृद्धाश्रमाला जीएसटी नसतो' असे सरसकट ऐकू येते ते यावरून. तुमच्या दोन्ही जागा त्यात बसतील असे वाटत नाही, तेव्हा 'शुल्क अधिक कर' की 'करासह' ते ठरवून घ्या. आरोग्यविमा रुग्णालयातल्या उपचाराचे पैसे देतो, निवासी देखभालीचे नाही. ७० वर्षांवरच्यांचे आयुष्मान कार्ड जरूर काढा, पण त्याचाही उपयोग रुग्णालयापुरताच.

प्राप्तिकरात ८० डीडीबी म्हणून ओळखली जाणारी वजावट जुन्या करप्रणालीत डिमेन्शियाला मिळते. ज्येष्ठांसाठी मर्यादा एक लाख, न्यूरॉलॉजिस्टचे पत्र आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा उल्लेख हवा. ही वजावट भारतातल्या निवासी करदात्यालाच मिळते, भावाला नाही. त्यामुळे उपचाराची बिले तुमच्या खात्यातून भरा. भावाने आईच्या खात्यात पैसे पाठवले तर मुलाची भेट म्हणून त्यावर कर नाही.

घाटमाथा

एक मुद्दा राहिला : गाडीत बसून घड्याळ लावून बघा. 'ब' ते जवळचं आयसीयू असलेलं रुग्णालय, संध्याकाळच्या वाहतुकीत. या वयात खुब्याचं हाड मोडणं आणि पक्षाघात या दोन गोष्टी कधीही होऊ शकतात आणि पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं. रात्री दोनला केंद्राची रुग्णवाहिका येते की १०८ ला फोन करून वाट बघतात? दुसरं, तुमच्या घरापासूनचं अंतर. दीड तास लांब असेल तर आठवड्याला एक भेटही होत नाही आणि ज्या रहिवाशाकडे कुणी फिरकत नाही त्याच्याकडे दुर्लक्ष व्हायला वेळ लागत नाही. पहिले १५ दिवस भेटू नका, असा नियम काही केंद्रं लावतात. तो मला मान्य नाही.

खडीसाखर

घाटमाथा, सरसकट तसा नियम नको हे मान्य. पण भेटीची वेळ महत्त्वाची. संध्याकाळी पाचला जाऊन सहाला निघालात तर 'मलाही ने' हे होणारच. सकाळी नाश्त्यानंतर जा, निघायच्या वेळी तिला जेवायला बसवलेलं असेल असं बघा. लांब निरोप नको, 'येतो हं' म्हणून निघा.

पर्वतीपायथा

'ब'शी बोललो. १७ चे २० झाले की रात्रीचं तिसरं माणूस करारात लिहून द्यायला तयार आहेत. महिनाभर तात्पुरतं ठेवून बघा असंही तेच म्हणाले. सोबत काय काय द्यायचं?

रात्रपाळी

लिहून देतात म्हणजे बरं लक्षण आहे. महिन्याचं शुल्क पूर्ण भरा, डिपॉझिट मात्र महिना झाल्यावरच.

सोनं घरी ठेवा. पाटल्या आणि मंगळसूत्र आदल्या दिवशी ओढून काढू नका. दोन आठवडे आधी बेन्टेक्सचं घाला, सवय होऊ द्या. साडी नेसत असतील तर समोरून उघडणारे सुती गाऊन आत्तापासून सुरू करा, सात-आठ तरी लागतील. कपड्यांवर नाव मार्करने नको, धुलाईत जातं. दोऱ्याने घालून घ्या. चष्मा, कवळीची डबी आणि कानातलं यंत्र यांवर नाव. चष्म्याचा जास्तीचा जोड द्या, पहिल्या महिन्यात हरवतोच. घरची चादर आणि उशी न धुता द्या, ओळखीचा वास राहतो. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, स्लिपर नको.

फाइलमध्ये : औषधांची ताजी यादी मात्रा आणि वेळेसह, ॲलर्जी, शेवटचे साखर-सोडियम-क्रिएटिनिनचे रिपोर्ट, एमआरआयची सीडी, ईसीजी (डोनेपेझिलने नाडी मंद होते, तुलनेला जुना हवा), आधार आणि आयुष्मान कार्डाची प्रत. जायच्या दिवशी नर्ससमोर अंगावरचे डाग-जखमा बघून दोघांनी नोंदवहीत सही करा. नंतर वाद होत नाही.

पहिल्या महिन्यात झोप बिघडणार, जेवण कमी होणार, 'घरी' वाढणार. ते धरून चला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निवळायला हवं. न निवळण्यापेक्षा जास्त काळजी अतिशांत होण्याची करा : सकाळी अकरा वाजता हाक मारल्यावर डोळे जड, लाळ गळते, चाल घसटती झाली, तर त्याच दिवशी औषधाची नोंदवही मागा आणि नवीन काय सुरू केलं ते बघा. माकडहाड, टाचा आणि कानामागची कातडी स्वतः बघा. नखं बघा. ओठ कोरडे आहेत का बघा, संध्याकाळनंतर 'सारखं संडासला न्यावं लागतं' म्हणून पाणी कमी देणं हा प्रकार सर्रास चालतो. अडचण आली आणि केंद्राने दाद दिली नाही तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ चालते.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात : रात्री रुग्णालयात न्यायचं झालं तर कुठलं रुग्णालय, तुमचा फोन, तुम्ही उचलला नाहीत तर कुणाचा. भावाचा नंबर तिसरा घाला, दुसरा पुण्यातल्या माणसाचा हवा.